आय-४०वरचा वास: डुकरं, नायट्रोजन आणि एक अडलेला हिशेब

रॉली किंवा कॅरीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा रस्ता पाठ असतो. शनिवारी सकाळी पुऱ्या-भाजीचा डबा भरायचा, आय-४० धरायचा आणि दोन-सव्वादोन तासांत समुद्रावर, विल्मिंग्टनजवळच्या राइट्सव्हिल बीचला पोचायचं. साधारण अर्ध्या वाटेवर, सॅम्पसन आणि डुप्लिन या काउंट्यांच्या आसपास, गाडीत कुणीतरी नाक मुरडतं. 'काच वर कर गं.' एसी लावून आतलीच हवा आत फिरवायची. पंधरा-वीस मिनिटांत वास जातो आणि आपण विसरून जातो.

मीही पीएचडीची पाच वर्षं तिथून अशीच गेले. लाजेची गोष्ट ही, की माझा विषयच सांडपाण्यातून नायट्रोजन काढणारे बॅक्टेरिया हा होता. प्रयोगशाळेत अमोनियाचे आकडे रोज लिहायचे आणि रस्त्यावर तोच अमोनिया नाकात गेला की काच वर करायची! हे दोन्ही एकाच गोष्टीचे भाग आहेत हे कळायला मला बराच वेळ लागला. पॉडकास्टच्या भागात आम्ही बॅक्टेरियांबद्दल बोललो, पण त्या वासाचा इतिहास सांगायला वेळ पुरला नाही. म्हणून हा लेख.

गोष्ट थोडक्यात अशी आहे. डुकरांच्या मैल्यातला नायट्रोजन बॅक्टेरियांकडून काढून घेता येतो, हे विज्ञानाला आज कळलेलं नाही. त्यामागचं मूळ ज्ञान सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. खुद्द डुप्लिन काउंटीत, एका खऱ्याखुऱ्या फार्मवर, वीस वर्षांपूर्वी ते यशस्वीपणे करूनही दाखवलं गेलं. तरी वास आहे तिथेच आहे. असं का?

शेततळ्यासारखं दिसणारं तळं

आधी हे फार्म चालतं कसं ते बघू. लांबलचक पत्र्याच्या शेड, एका टोकाला मोठे पंखे. आत हजारो डुकरं, पायाखाली फटींची फरशी. मैला आणि मूत फटींतून खाली पडतं, पाण्याच्या लोटाने ते धुऊन बाहेर काढलं जातं आणि शेजारच्या उघड्या तळ्यात सोडलं जातं. या तळ्याला तिथे 'लगून' म्हणतात. मराठी माणसाला ते लांबून शेततळंच वाटेल. फक्त पाण्याचा रंग विचित्र असतो, कधी तपकिरी तर कधी चक्क गुलाबी. गंधकावर जगणाऱ्या जांभळ्या बॅक्टेरियांमुळे तो रंग येतो. तळं भरत आलं की वरचं पाणी पंपाने उचलून आजूबाजूच्या गवताच्या शेतांवर उडवतात. आपल्याकडे उसाला रेनगन लावतात ना, तसंच.

आता यातल्या नायट्रोजनचं काय होतं? डुकराच्या खाण्यातल्या प्रथिनांमधला बराचसा नायट्रोजन त्याच्या अंगी लागत नाही, तो मूत आणि विष्ठेतून बाहेर पडतो आणि तळ्यात त्याचा अमोनिया होतो. उघड्या तळ्यातून आणि रेनगनच्या फवाऱ्यातून त्यातला मोठा भाग हवेत उडून जातो. कागदावर हे सोयीचं असतं. तळ्यातला नायट्रोजन जितका उडेल तितका शेतावर कमी टाकावा लागतो, म्हणजे जमीनही कमी लागते. लगूनच्या रचनेतच हे उडून जाणं गृहीत धरलेलं आहे. पण अमोनिया उडाला म्हणजे संपला असं नाही. तो शेजारच्या घरावरून जातो, पावसाबरोबर खाली येतो, ओढ्यांतून नदीत आणि नदीतून खाडीत पोचतो. तिथे शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. गवताला जेवढा नायट्रोजन झेपतो त्याहून जास्त टाकला, तर उरलेला नायट्रेट होऊन भूजलात उतरतो.

इथे एक रास्त प्रश्न येतो. आपल्या आजोबांच्या पिढीला शेणखत आणि सोनखत म्हणजे संपत्ती वाटायची. मग खत असलेली वस्तू टाकाऊ कशी झाली? उत्तर अंतरात आहे. ही डुकरं जो मका आणि सोयाबीन खातात, त्यातला पुष्कळसा माल रेल्वेने मिडवेस्टमधून येतो. तिथल्या मक्याला कारखान्यात बनवलेलं नायट्रोजन खत घातलेलं असतं. म्हणजे नायट्रोजन आयोवा-इलिनॉयकडून कॅरोलायनाला येतो आणि परत कधीच जात नाही. मैल्यात बहुतेक पाणीच असतं, ते हजार मैल परत नेणं कुणालाच परवडत नाही. एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागचा उकिरडा हे खत असतं. पण एकट्या डुप्लिन काउंटीत सुमारे २० लाख डुकरं आहेत आणि माणसं ५० हजारांहून कमी. तेवढ्या जागेत तेवढा मैला आला की तो खत राहत नाही.

वाळूची नळी, क्लोरोफॉर्म आणि मँचेस्टरचा गाळ

नायट्रोजनला निरुपद्रवी करायचा मार्ग निसर्गातच आहे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन वायूच आहे आणि तो कुणालाच त्रास देत नाही. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींमधले बॅक्टेरिया हा वायू हवेतून जमिनीत आणतात, हे आपण शाळेत शिकलो. त्याच नायट्रोजनला परत हवेत पाठवणारेही बॅक्टेरिया आहेत, आणि ते काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात ऑक्सिजन वापरून अमोनियाचा आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतो, याला नायट्रीकरण म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात, ऑक्सिजन नसलेल्या जागी, वेगळे बॅक्टेरिया त्या नायट्रेटवर 'श्वास' घेतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. हे विनायट्रीकरण.

पहिला टप्पा सजीवांचं काम आहे हे १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोएझिंग आणि म्युन्ट्झ यांनी दाखवलं. त्यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून गटाराचं पाणी अगदी सावकाश सोडलं. पहिले वीसेक दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया तसाच बाहेर येत राहिला. मग हळूहळू त्याच्या जागी नायट्रेट यायला लागला. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. म्हणून त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि काम थांबलं. क्लोरोफॉर्म काढून बागेतल्या मातीचं पाणी घातलं, तेव्हा पुन्हा सुरू झालं. नळीत कुणीतरी जगत होतं! १८९० मध्ये झुरिकमध्ये विनोग्राड्स्की यांनी ते 'कुणीतरी' वेगळे काढले. हे बॅक्टेरिया अमोनियातून ऊर्जा आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून शरीर घडवतात, म्हणून फार सावकाश वाढतात. दुसरा टप्पा बॉर्दोच्या गेयाँ आणि द्युपेती यांनी १८८०च्या दशकात अभ्यासला. पण तेव्हाच्या शेतीशास्त्राला तो शत्रूच वाटला, कारण त्यात जमिनीतलं मोलाचं नत्र हवेत उडून जात होतं. तोच शत्रू पुढे सांडपाणीवाल्यांच्या कामाला आला.

त्याआधी एक मोठी पायरी आहे. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या डेव्हिहल्म केंद्रात आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून बघितली. पहिल्या खेपेला अमोनियाचं पूर्ण नायट्रीकरण व्हायला साधारण पाच आठवडे लागले. मग त्यांनी साधी युक्ती केली. वरचं पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. प्रत्येक खेपेला वेळ कमी होत गेला आणि शेवटी काम काही तासांवर आलं. गाळातच बॅक्टेरिया साठले होते. आज जगभरच्या शहरांत हीच 'ॲक्टिव्हेटेड स्लज' पद्धत चालते.

या दोघांना प्रयोगाची दिशा देणारे त्यांचे सल्लागार गिल्बर्ट फाउलर. १९१२ मध्ये ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लॉरेन्स प्रयोगकेंद्रात असेच हवेचे प्रयोग बघून आले होते. पुढे, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ते भारतात बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून गेले. म्हणजे जमशेदजी टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत हे ज्ञान मँचेस्टरनंतर थोड्याच वर्षांत पोचलं होतं. ज्ञान पसरायला वेळ लागत नाही, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

दोन्ही टप्पे एकाच यंत्रणेत बसवायचं काम १९६० आणि ७०च्या दशकांत झालं. १९६२ मध्ये अमेरिकेत लुडझॅक आणि एटिंगर यांनी हवा नसलेली टाकी आधी ठेवली. नंतरच्या टाकीतलं नायट्रेट मागे फिरवून तिथे आणायचं आणि विनायट्रीकरण करणाऱ्या बॅक्टेरियांना खाद्य म्हणून सांडपाण्यातलाच कार्बन द्यायचा. १९७०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी ही रचना आणखी पुढे नेली. थोडक्यात, १९८० उजाडलं तेव्हा नायट्रोजन काढायचा कसा हे अभियंत्यांना माहीत होतं. डुकरं त्यानंतर आली.

डुकरं कंपनीची, मैला शेतकऱ्याचा

पूर्व नॉर्थ कॅरोलायना हा तंबाखूचा मुलूख. तंबाखूचे दिवस सरत चालले तेव्हा रोझ हिल गावच्या वेंडेल मर्फी यांनी कोंबड्यांच्या धंद्यातली कंत्राटी पद्धत डुकरांना लावली. डुकरं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेड आणि तळं शेतकऱ्याने कर्ज काढून बांधायचं, डुकरं वाढवायची आणि डोक्यामागे ठरलेले पैसे घ्यायचे. या वाटणीत एक गोष्ट न बोलता शेतकऱ्याच्या पदरात पडली, ती म्हणजे मैला. डुकरं ट्रकमधून निघून जातात, तळं मागे राहतं.

मर्फी १९८३ ते १९९२ या काळात राज्याच्या विधिमंडळात होते, आधी खालच्या आणि मग वरच्या सभागृहात. त्या वर्षांत डुकरांच्या शेडना विक्रीकरात सवलत मिळाली आणि काउंटीच्या बांधकाम-विभागणीच्या नियमांतून सूट मिळाली. म्हणजे कुठे फार्म बांधू नये हे सांगायचा काउंटीचा अधिकारच गेला. १९९२ मध्ये ब्लेडन काउंटीतल्या टार हील गावी स्मिथफील्ड कंपनीचा कत्तलखाना उभा राहिला. तो जगातला सगळ्यात मोठा ठरला, दिवसाला ३२,००० डुकरांची क्षमता असलेला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस राज्यात २५-२६ लाख डुकरं होती, ती १९९७ पर्यंत ९० लाखांच्या पुढे गेली.

फेब्रुवारी १९९५ मध्ये रॉलीच्या 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर' या वर्तमानपत्राने या धंद्यावर आणि त्याच्या राजकीय वजनावर लेखमाला छापली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. पण लेखमालेपेक्षा मोठा धक्का मधेच बसला. २१ जून १९९५ रोजी, पावसानंतर, ऑन्स्लो काउंटीत रिचलँड्स गावाजवळ एका लगूनचा बांध फुटला. सुमारे अडीच कोटी गॅलन, म्हणजे साडेनऊ कोटी लिटरच्या आसपास मैला-पाणी शेतांतून वाहत न्यू रिव्हरमध्ये गेलं. आकारमानाने बघितलं तर अलास्कातल्या 'एक्सॉन व्हाल्डीझ' जहाजाच्या तेलगळतीच्या दुपटीहून जास्त.

१९९७ मध्ये राज्याने नव्या लगून-फार्मवर स्थगिती आणली. कारणांमध्ये एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. डुप्लिन आणि सॅम्पसनचे रहिवासी कित्येक वर्षं तक्रारी करत होते, पण मूर काउंटीत पाइनहर्स्टच्या नावाजलेल्या गोल्फ मैदानांच्या भागात फार्म येणार म्हटल्यावर विधिमंडळात विरोधाला वजन आलं. मग सप्टेंबर १९९९ मध्ये फ्लॉइड वादळ आलं. पूर्व कॅरोलायना पाण्याखाली गेला, हजारो डुकरं बुडाली आणि पुरात मिसळलेल्या लगूनचे हवाई फोटो देशभर दिसले. आता काहीतरी करणं भाग होतं.

गोशेन रिज

जुलै २००० मध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल माइक ईझली यांनी स्मिथफील्डबरोबर करार केला. मर्फींचा धंदाही तोवर स्मिथफील्डने विकत घेतला होता. लगूनला पर्याय शोधायला कंपनी १.५ कोटी डॉलर देणार, नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक माइक विल्यम्स यांच्या देखरेखीखाली चाचण्या होणार, आणि एखादी पद्धत कसोटीला उतरली तर कंपनी ती आपल्या मालकीच्या फार्मवर बसवणार. कसोट्या पाच होत्या: मैला नदी-नाल्यात वा भूजलात जाता कामा नये, अमोनियाचं हवेत उडणं जवळपास बंद व्हावं, कुंपणाबाहेर वास जाणवू नये, रोगजंतू आणि माशा आटोक्यात याव्यात, आणि जमिनीत नायट्रोजन-फॉस्फरस व जड धातू साठू नयेत.

पाचही कसोट्या पार करणाऱ्यांत सगळ्यात गाजलेली यंत्रणा डुप्लिन काउंटीत गोशेन रिज नावाच्या, ४,४०० डुकरांच्या फार्मवर उभी राहिली. तिच्यामागचं संशोधन अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, साउथ कॅरोलायनातल्या फ्लॉरेन्स गावच्या केंद्राचं. तिथे मातियास वानोत्ती, एरियल सोगी आणि पॅट्रिक हंट हे शास्त्रज्ञ काम करत होते.

त्यांच्यापुढची अडचण समजून घेण्यासारखी आहे. शहराच्या सांडपाण्याच्या मानाने डुकरांच्या मैल्यात अमोनिया कितीतरी पट जास्त, आणि कार्बनही भरपूर. टाकीत हवा सोडली की कार्बन खाणारे बॅक्टेरिया भराभर वाढतात आणि ऑक्सिजन फस्त करतात. सावकाश वाढणाऱ्या नायट्रीकरणवाल्यांच्या वाट्याला काहीच उरत नाही. लग्नाच्या पंगतीत धटिंगण पाहुणे आधी बसले की म्हाताऱ्या आजीचं पान रिकामंच राहतं, तसं. शिवाय हवा सोडायला वीज लागते. एक किलो अमोनिया-नायट्रोजनच्या नायट्रीकरणाला सुमारे ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, आणि तो कार्बनवर वाया घालवला तर बिल वाढतच जातं.

म्हणून त्यांनी क्रम बदलला. आधी पॉलिमर घालून मैल्यातला घन भाग वेगळा काढला. तो कंपोस्टला गेला, म्हणजे त्याचं पुन्हा खत झालं आणि तेवढा कार्बन पाण्यातून कमी झाला. मग पाणी हवेच्या टाकीत आणलं. तिथे नायट्रीकरण करणारे बॅक्टेरिया मोकळे नव्हते, जेलच्या तीन-चार मिलिमीटरच्या गोळ्यांमध्ये कोंडलेले होते. शहरी सांडपाण्यासाठी जपानमध्ये तयार झालेली ही युक्ती. गोळ्या जाळीमागेच राहतात, म्हणून बॅक्टेरिया पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. नायट्रेट झालेलं पाणी मागे फिरवून हवा नसलेल्या टाकीत, विनायट्रीकरणाला. शेवटी चुना घालून फॉस्फरस खाली बसवला, आणि चुन्याच्या क्षारतेने रोगजंतूही मेले. श्लोएझिंगची नळी, मँचेस्टरचा गाळ, लुडझॅक-एटिंगरचं मागे फिरणारं पाणी, सगळं एका फार्मवर एकत्र आलं होतं.

मोजमापात ९७ टक्क्यांहून जास्त अमोनिया गेला. मैला आत येणं थांबल्यावर फार्मचं जुनं लगूनही हळूहळू निवळलं. मी तो अहवाल पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी वाचला आणि मला वाटलं, झालं की! मग बाकीचे फार्म अजून तसेच का?

'आर्थिकदृष्ट्या शक्य'

करारातल्या पर्यावरणाच्या पाच कसोट्यांबरोबर आणखी अट होती. पद्धत तांत्रिकदृष्ट्या, रोजच्या कामाच्या दृष्टीने आणि आर्थिकदृष्ट्या शक्य असली पाहिजे. सगळी गोष्ट या 'आर्थिकदृष्ट्या' शब्दात अडकली. २००६ मध्ये विल्यम्स यांनी निर्णय दिला: नव्या फार्मसाठी या पद्धती शक्य, चालू फार्मसाठी नाही. चालू फार्म दोन हजारांहून जास्त होते. नवे तर स्थगितीमुळे निघतच नव्हते. म्हणजे पर्याय जिथे शक्य ठरला तिथे त्याची गरज नव्हती आणि जिथे गरज होती तिथे तो शक्य ठरला नाही. २००७ मध्ये राज्याने नव्या लगूनवर कायमची बंदी घातली, पाच कसोट्या कायद्यात लिहिल्या, आणि जुनी लगून राहू दिली. संशोधकांनी दुसऱ्या पिढीची, बरीच स्वस्त यंत्रणा करून दाखवली. तरी चालू फार्मवर ती पसरली नाही.

खर्चाचा मुद्दा खोटा होता असं मी म्हणणार नाही. विजेचं बिल, पॉलिमर, चोवीस तास लक्ष ठेवणारा माणूस, हे सगळं कर्जात बुडालेल्या कंत्राटी शेतकऱ्याने कुठून आणायचं? त्याच्यावर हे टाकणं अन्यायाचंच झालं असतं. माझा आक्षेप हिशेबाच्या वहीवर आहे. आर्थिक शक्यता ठरवताना काय बघायचं याची यादी करारातच होती: यंत्रणेचा वार्षिक खर्च, खत वगैरे विकून येणारं उत्पन्न, मिळू शकणारं अनुदान, आणि इतर राज्यांशी स्पर्धेत इथल्या धंद्यावर होणारा परिणाम. शेजाऱ्याने किती वेळा खिडकी बंद केली, विहिरीचं पाणी का सोडलं, खाडीतली मासेमारी किती बुडाली, याचा रकाना त्या यादीत नव्हता. लगून स्वस्त आहे, कारण तिचा उरलेला खर्च दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहिला जातो.

आणि त्याच वेळी, त्याच राज्यात, रॉलीसारख्या शहरांना वेगळा नियम होता. न्यूस नदीच्या खाडीत मासे मरायला लागल्यावर १९९७ मध्ये राज्याने नदीत जाणारा नायट्रोजन ३० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं, आणि शहरांच्या सांडपाणी केंद्रांना मर्यादा घालून दिल्या. शहरांनी पैसे खर्च करून नायट्रीकरण-विनायट्रीकरण केलं. ते पैसे पाण्याच्या बिलातून आले, त्यात कॅरी-रॉलीतली आपली मंडळीही आली. आपल्या घरातलं पाणी बॅक्टेरियांच्या हातून स्वच्छ होऊन नदीत जातं. तासाभराच्या अंतरावरच्या लाखो डुकरांचा मैला मात्र रेनगनने गवतावर उडतो.

शेजारी कोण

ते शेजारी कोण आहेत हेही मोजलं गेलंय. चॅपल हिलच्या विद्यापीठातले स्टीव्ह विंग आणि जिल जॉन्स्टन यांनी २०१४ मध्ये राज्यभरचा हिशेब मांडला. अशा फार्मपासून तीन मैलांच्या आत राहणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांच्या मानाने कृष्णवर्णीयांमध्ये १.५४ पट आणि मूळ अमेरिकी लोकांमध्ये २.१८ पट होतं. यातली कित्येक घरं फार्मच्या आधीपासूनची. गुलामी संपल्यावर पणजोबांनी घेतलेली जमीन, तिच्यावरचं घर, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि समोर रेनगन.

पाचशेहून जास्त शेजारी न्यायालयात गेले. २०१८ मध्ये पहिल्या खटल्यात ज्यूरीने दहा जणांना ५ कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. दंडावर राज्याच्या कायद्याची कमाल मर्यादा असल्याने ती ३२.५ लाखांवर आली. घरांच्या बाहेरच्या भिंतींवर डुकरांच्या विष्ठेतल्या बॅक्टेरियाचा डीएनए सापडल्याची साक्ष या खटल्यांत झाली. विधिमंडळाने २०१७ आणि २०१८ मध्ये कायदे बदलून पुढचे असे दावे अवघड करून ठेवले. नोव्हेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयाने कंपनीचं दायित्व कायम ठेवलं, आणि लगोलग तडजोड झाली. खटल्यांच्या सुनावण्या चालू होत्या त्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, फ्लॉरेन्स वादळ आलं आणि पुन्हा लगून पुरात गेली.

सध्या बोलबाला बायोगॅसचा आहे. तळ्यावर प्लास्टिकचं झाकण घालायचं, मिथेन गोळा करून पाइपलाइनमध्ये सोडायचा. मिथेन हवेत जाण्यापेक्षा हे बरंच. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण जाहिरातींत ती सांगत नाहीत. ऑक्सिजनशिवाय मैला कुजवल्याने कार्बन कमी होतो, नायट्रोजन नाही. झाकणाखालून निघणाऱ्या पाण्यात अमोनिया तसाच असतो. ते पाणी पुढे उघड्या तळ्यात आणि रेनगनमध्येच जाणार असेल, तर गॅस विकला गेला आणि शेजाऱ्याला मिळायचं ते मिळालंच.

बॅक्टेरियांच्या बाजूने मात्र काम पुढेच गेलंय. १९९०च्या दशकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यातल्या सांडपाण्यात ॲनॅमॉक्स नावाची क्रिया सापडली. हे बॅक्टेरिया ऑक्सिजनशिवायच अमोनिया आणि नायट्राइट यांचा थेट नायट्रोजन वायू करतात, म्हणून हवेचा आणि विजेचा खर्च पुष्कळ वाचतो. फ्लॉरेन्स गावच्या त्याच केंद्रात वानोत्ती आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या मैल्याच्या गाळातून या कुळातला एक बॅक्टेरिया वाढवला आणि त्याला नाव मिळालं ब्रोकेडिया कॅरोलिनिएन्सिस. ज्या मैल्याने इतका त्रास दिला, त्यातच तो साफ करणारा बसला होता. मला हे फार आवडतं. पण आता मी त्यावरून 'प्रश्न सुटला' असं म्हणत नाही. गोशेन रिजलाही तांत्रिक प्रश्न सुटलाच होता.

आमच्या क्षेत्रात शोधनिबंधाच्या शेवटी एक ठरीव वाक्य असतं: 'ही पद्धत आर्थिकदृष्ट्या आशादायक आहे.' मी स्वतः दोनदा लिहिलंय. आता लिहायच्या आधी विचारते, खर्चात काय धरलं आणि कुणाला धरलं नाही.

पुढच्या वेळी समुद्रावर जाताना वेळ असेल तर वॉर्सा किंवा रोझ हिलकडे जाणाऱ्या एक्झिटला उतरा. पाच मिनिटांत पत्र्याच्या शेड दिसतील, शेडमागे तळं दिसेल. मग तळ्याकडे न बघता घरं बघा, ती किती जवळ आहेत ते. आणि तेवढा वेळ गाडीची काच खाली ठेवा.